पेटीच्या जागी कॉम्प्युटर

आमच्या इब्रामपुरात विनितावयनीला कुणी "तुला जमणार नाही" म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजायचं. स्कूटर ती अशीच शिकली, आणि माडा-पोफळींच्या कुळागरातला पंपही अशाच हट्टाने उघडून तिने चालू केला. यंदा तिला जमणार नव्हतं ते बायकांचं नाटक. जत्रेतलं नाटक आजवर पुरुषांचं. आम्ही समोर बसून टाळ्या वाजवायच्या. यंदा देवळाच्या कमिटीने पहिल्यांदाच आम्हाला एक प्रयोग दिला. वयनी दिग्दर्शक, मी कंस.

पुरुषांचं नाट्यमंडळ चालवणाऱ्या बाबलीला ते सोसवेना. गावातले पेटी-तबला वाजवणारे सगळे त्याच्याच मुठीतले.

"संगीत आमी दितंव, पण दिग्दर्शन माजा," तो म्हणाला.

"तुजी पेटी नको नि तुजा दिग्दर्शनय नको," वयनी म्हणाली. "संगीत मी घरीच करतलंय."

घरी म्हणजे लेकीच्या कॉलेजच्या वेळच्या जुन्या कॉम्प्युटरवर. शंख, ढोल, मोरजीच्या समुद्राची गाज, सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून ती त्यात एकावर एक चढवायची. तिसरा आवाज चढवला की कॉम्प्युटर जागीच थिजायचा. मेमरी कमी पडते म्हणून म्हापशाहून तिने कंगव्याएवढी एक नवी हिरवी पट्टी आणली आणि आतल्या रिकाम्या खाचेत स्वतःच बसवली. बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून नुसतं पीं पीं.

दुकानदाराने पट्टी तपासली, ती ठणठणीत. "मग तुमचा बोर्डच गेला, भंगारात द्या," तो म्हणाला. तिचा नवरा कृष्णनाथ तुयेच्या कारखान्यातून दमून आलेला. "सोड गो आता, बाबलीक हो म्हण," असं तो म्हणाला, आणि माझंच डोकं तडकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वयनीने वायर उपटली, कॉम्प्युटरचा डबा सोप्यावर आणला आणि बॅटरी घेऊन त्यात डोकं घातलं.

खाचेच्या तळाशी तांदळाचा एक दाणा होता. कुंकू लागलेला!

डबा तापतो म्हणून त्याचं झाकण दोन वर्षं काढलेलंच होतं. आणि दसऱ्याला स्कूटरला, कोयत्याला, पंपाला घालतात तशा वयनीने कॉम्प्युटरलाही मूठभर अक्षता घातल्या होत्या. मी हसून हसून खाली बसले.

"हसतंस कित्याक? पूजा केली ती काय चोरी केली?" तिने सुईने दाणा अलगद काढला आणि पट्टी दोन्ही टोकांनी टक आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला. त्या दिवशी शंख, ढोल, गाज आणि वर माझं कंसाचं हसणं एकदम वाजलं, आणि मला रडूच आलं.

जत्रेत पडदा उघडण्याआधी पेटी-तबल्याची पूजा होते. ताट घेऊन बाबली रंगमंचावर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "पेटीच नाय, तर पूजा कोणाची करूची?"

मिशा लावून मी विंगेत उभी होते. वयनीने पेटीच्या जागी ठेवलेल्या कॉम्प्युटरवरची चादर ओढली. झाकण चारही स्क्रूंनी आवळलेलं होतं.

"ह्याची कर. घाल अक्षता, बाबली, मूठ भरून घाल. आता झाकण घट्ट आसा."