मेन्नाचा वाफा

एमरिस प्यूनं आयुष्यभर स्लेटच्या खाणीत दगड फोडले, आणि म्हातारपणी स्वतःच्याच घराच्या दगडाला घाबरायची पाळी त्याच्यावर आली. पुढच्या खोलीच्या भिंतीला ओल धरली होती. गुडघ्यापर्यंत पोपडे सुटले होते, खालच्या फळीवरची भजनाची पुस्तकं फुगून बसली होती.

मुलगी लौरी कार्डिफला. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"बाबा, भिंत कशी आहे? खरं सांगा."

"खडखडीत कोरडी आहे गं," तो ठोकून द्यायचा आणि खोकला दाबून धरायचा.

"खोकला ऐकू येतो मला. हिवाळ्याआधी ओल गेली नाही, तर मी न्यायला येतेय. मग तुमचं काही ऐकणार नाही."

न्यायचं म्हणजे शहरातल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात. तिथं त्याला कोण ओळखणार? तसं इथं तरी कोण उरलं होतं म्हणा. चॅपलला कुलूप लागलं होतं, शेजारची दोन्ही घरं सुट्टीतल्या पाहुण्यांची, थंडीत अंधारात. आठवडा आठवडा त्याला कुणाशी बोलायला मिळत नसे. पण खिडकीखाली बायकोचा डॅफोडिलचा वाफा होता. मेन्नाला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तो वाफा सोडून जाणं काही त्याच्यानं होणार नव्हतं.

शेवटी त्यानं इडवलला बोलावलं. इडवल ऐंशीचा गवंडी, तोंडाचा फटकळ. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, पन्हाळ पाहिली, आणि बाहेर वाफ्यापाशी येऊन थांबला.

"ही माती कुणी चढवली?"

"मी. दरवर्षी दोन पोती, मेंढ्यांचं खत घालून. तिची फुलं काय उपाशी ठेवू?"

"गाढवा, आतल्या फरशीच्या वर हातभर माती आलीय! भिंतीला अशी टेकवलीस, तर ती पाणी पिणार नाही तर काय चहा पिणार?"

"मेन्ना होती तेव्हा नव्हती रे ओल."

"मग ती तुझ्यापेक्षा शहाणी होती. उपस सगळं. हळूहळू वाळेल भिंत."

इडवल गेल्यावर एमरिस फावडं घेऊन नुसताच उभा राहिला. चार वर्षांत तिच्यासाठी म्हणून त्यानं एवढं एकच केलं होतं, आणि तेच आता उपसायचं होतं. त्याला रडू आलं. बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं ते येऊ दिलं. मग डॅफोडिलचा एकेक कंद काढून बादलीत ठेवला आणि खणायला लागला.

बरंच खाली फावडं खणकन वाजलं. भिंतीपासून वीतभर अंतरावर स्लेटच्या पट्ट्या ओळीनं उभ्या रोवलेल्या होत्या. त्यानंच खाणीतून आणून दिल्या होत्या आणि विसरून गेला होता. भिंत आणि वाफा यांच्यात मेन्नानं चर मोकळा ठेवला होता. पानगळ सुरू झाली की ती गुडघे टेकून त्यातली माती उपसत बसायची.

"मातीला कसली शिस्त लावतेस गं?" तो दारात चहा पीत हसायचा.

"तुझ्या म्हातारपणाची सोय करतेय," ती म्हणायची. म्हणजे काय, हे त्यानं कधी विचारलंच नाही.

रविवारी फोन आला.

"मग, कळलं का ओल कुठून येतेय?"

"कळलं." या खेपेला एमरिसनं खोकला दाबला नाही. "मीच आणत होतो. तुझी आई चाळीस वर्षं ती अडवून बसली होती, आणि मी दारात उभा राहून हसत होतो."