नसरीनच्या वह्यांचा शेवटचा गठ्ठा

नसरीनच्या नावाने मी खोटं लिहिलं. दहा वेळा. तेही ती गेल्यावर.

आज वर्ष झालं, म्हणून सांगून टाकतो.

माझी बायको सातवीला मराठी शिकवायची. मी टेलर, आठवी पास.

पोरं मनातलं लिहायची ती वही म्हणजे तिचा जीव. रोज आठच वह्या घरी आणायची, गठ्ठा साचू द्यायची नाही. आणि खाली ‘छान’ असं कधीच लिहायची नाही.

"छान लिवलं म्हणजे बाईनं वाचलंच नाई. पोट्ट्यांले बरोबर समजते ते."

त्याऐवजी एक प्रश्न विचारायची. मोहफुलं वेचताना अस्वल दिसलं, असं कोणी लिहिलं की खाली हिचं, "आधी तुला दिसलं की आईला?"

पुढच्या वेळी त्याचं पानभर उत्तर यायचं.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. "माह्यासंग बी एवढं बोलत जाय ना!"

"तुमी बी वही आणा मंग."

मग कॅन्सर निघाला.

केमोने बोटं बधिर झाली, पेन धरवेना. शाळेला रजा टाकली, पण वह्या सोडल्या नाहीत. शाळेतले सर दर शनिवारी गठ्ठा माझ्या दुकानात ठेवून जायचे.

मी वाचायचो. ती पडल्या पडल्या प्रश्न सांगायची, मी लिहायचो, खाली तिची सही करायचो. असे चार महिने. एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढं बोललो नव्हतो.

ती गेली तेव्हा अकरा वह्या उरल्या होत्या.

सर म्हणाले, "शेखभाऊ, तशाच द्या. मी सही मारून वाटून टाकतो."

नाही सहन झालं मला. मशीन बंद करून बसलो आणि दहा वह्यांत स्वतःच प्रश्न लिहिले. बकरीचं नाव काय ठेवलं? मामा परत आला का? खाली तिची सही.

अकरावी वही साक्षीची. त्यात एकच ओळ होती.

"बाई, तुम्ही बऱ्या होऊन कधी येता?"

ती वही मी कपाटात कापडाखाली दाबून ठेवली.

जूनमध्ये साक्षी आईसोबत युनिफॉर्मचं माप द्यायला आली. माप झालं तरी जागची हलेना.

"चाचा, माही वही तुमच्यापाशी हाये का?"

काढून दिली. तिने पान उघडलं. खाली कोरं.

"बाकीच्याईले तं लिवलं तुमी."

"बाईनं लिवलं ते," मी म्हणालो.

"नाई चाचा. अक्षर तुमचंच हाये. आमाले पयलेपासून मालूम हाये." वही माझ्याकडे सरकवली. "मले बी लिवून द्या."

आई तिला ओढत होती. "चाल वं, चाचाले तरास नको देऊ."

नसरीनने काय लिहिलं असतं, याचा खूप विचार केला.

शेवटी लिहिलं, "आता नाही येणार, बेटा."

खाली पहिल्यांदा माझी सही केली.

मय्यत झाली, चाळीसवा झाला, लोक येऊन भेटून गेले. पण ती गेली हे मी त्या दिवशी मानलं.

पोरगी रडली नाही. मीच रडलो, गिऱ्हाइकांसमोर, गळ्यात टेप तशीच.

नसरीन, अल्लाह तुझ्यावर रहमत करो.

फार आठवण येते गं.