कट्ट्यावर सांगितलेलं नाव
धारोष्ण दुधाचा वास आला की कोल्हापुरातल्या आमच्या दूधकट्ट्यावरची एक संध्याकाळ आठवते. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तिथं म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यातच धार काढून द्यायचे. एकदा चहाच्या पातेल्यानं त्यांचा हात पोळला, कातडी सोलली, तरी त्यांना कळलंच नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हातावरचा फिकट चट्टा पाहिला, कोपराजवळची शीर चाचपली आणि कुष्ठरोग असल्याचं सांगितलं. हाताची पकडच गेली होती, म्हणून धारा माझे दीर काढू लागले. मालकांनी वर्षभर गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. व्यायाम करून बोटांत जोर आणला. परत कट्ट्यावर निघाले तेव्हा दीर म्हणाले, "दादा, गिऱ्हाइकाला काय बी सांगू नगंस." पण म्हशीच्या पाठीवर हात ठेवून मालक सगळ्यांसमोर खणखणीत बोलले, "पावणं, मला कुष्ठरोग झालता. औषध पुरं केलंय, आता कुणाला लागायचा न्हाय. पटलं तर प्या." दोघं-तिघं पेले ठेवून निघून गेले. तेवढ्यात रोजची एक म्हातारी पेला पुढं करून म्हणाली, "व्हय? म्हणून वरीसभर दिसला न्हाईस व्हय! आता फेस जरा जास्त घाल की!" सगळे हसले आणि धार सुरू झाली. आजही कुणाच्या अंगावर बधिर चट्टा असल्याचं कानावर आलं, की मालक त्याला स्वतः गाडीवर बसवून दवाखान्यात नेतात. असा दुसऱ्यांसाठी धावणारा हा माणूस कोण, असं कुणी विचारलं, की मी मोठ्यानं सांगते, "आमचं मालक हाईत!"