अजून एक कडी

ओर्विल स्टब्जच्या जिभेला हाड नव्हतं. कॅस्पर गावात एकतीस वर्षं त्याने लोकांच्या ट्रकमागे ट्रेलर जोडायचे लोखंडी सांधे, म्हणजे हिच, बसवले आणि तितकीच वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, कारण हा गृहस्थ पान्याला हात लावण्याआधी त्यांना ट्रकचा दरवाजा उघडायला लावायचा. दरवाज्याच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते. ट्रक अंगावर एकूण किती वजन पेलू शकतो ते तिच्यावर छापलेलं असतं. ट्रक किती ओढतो तो जाहिरातीतला आकडा सगळ्यांना तोंडपाठ, ही पट्टी मात्र कुणी वाचलेली नसायची. "हिच मोठा घेतला म्हणून ट्रक मोठा होत नाही," तो सुनवायचा. "बायको, पोरं, कुत्रा, सगळं चढवा आणि काट्यावर चला." एकाचं वजन जास्त भरलं तेव्हा ओर्विल म्हणाला होता, "मोठा ट्रक घे, नाहीतर सासूला उतरव." सासू तिथेच उभी होती. ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही.

आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. वेल्डिंगच्या धुराने फुप्फुसांची वाट लागली होती. नाकात नळी आणि खांद्याला प्राणवायूचं यंत्र. बायको गेली, मागोमाग घरही गेलं, आणि तो मुलीच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला आला. मुलीचं नाव रेनी. तिचा नवरा डॅरल पाइपलाइनवर वेल्डर. काम जिथे, बिऱ्हाड तिथे. तीन-चार महिने झाले की ट्रेलर जोडायचा आणि निघायचं.

त्या ट्रेलरमध्ये ओर्विल जेवायच्या टेबलाची फळी पाडून तिच्यावर झोपायचा. यंत्र सारखं घरघरायचं आणि दोन्ही नाती शाळेत पेंगायच्या. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण म्हाताऱ्याच्या मनाला ते खात होतं. शेवटी रेनीने हट्टाला पेटून मोठा ट्रेलर घेतला, वेगळ्या खोलीचा.

"ही तुझी खोली, डॅड. घरघर आता हवं तेवढं."

ओर्विल त्या खोलीत बराच वेळ नुसताच बसून राहिला. इतकं सुख त्याला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

नवा ट्रेलर दोन हजार पौंडांनी जड होता, त्याला जुना हिच पुरणार नव्हता. ट्रेलरचं नाक ट्रकच्या मागच्या टोकावर टेकलं की ट्रक मागून बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणून हिचला दोन पोलादी दांड्या असतात. त्या साखळीने ताणल्या की ओझं पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटलं जातं. ओर्विलने जाड दांड्यांचा हिच मागवला आणि दोन दिवस खपून स्वतः बसवला. पाना चार वेळा फिरवला की बसून श्वास घ्यावा लागे. डॅरल मदतीला आला तर त्याला हाकलून दिलं.

"तू पाइप जोड. हे माझं काम आहे."

सोमवारी डॅरलला नेवाडातल्या एका खाणीवर हजर व्हायचं होतं. गुरुवारी सकाळी सगळं भरून ते गावाबाहेरच्या वजनकाट्यावर आले. पुढे डॅरल आणि रेनी, मागे दोन मुली, त्यांच्या मधे ओर्विल, मांडीवर यंत्र. डॅरलने वजनाची चिठ्ठी आणली आणि सासऱ्याच्या हातात दिली.

ट्रकवर एकशे सत्तर पौंड जास्त होते.

ओर्विलने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाण्याची टाकी आधीच रिकामी केली होती, सामान ट्रेलरच्या चाकांवर मधोमध रचलं होतं. डॅरलची हत्यारं ठेवून जावीत, तर तो खाणीवर जाऊन करणार काय? बाकी उरलं ते मोठ्या ट्रेलरचं जड नाक आणि नव्या हिचचे स्वतःचेच शंभर पौंड. जे जे त्याच्यासाठी घेतलं होतं, तेच त्याला नडत होतं.

"एकशे सत्तर म्हणजे काहीच नाही," डॅरल म्हणाला. "सगळेच जातात."

"मला सगळेच हे सांगायचे."

डॅरलने आवाज खाली आणला. "मग अजून एक कडी ओढा ना, ओर्विल. चिठ्ठी बरोबर येईल."

चिठ्ठी बरोबर आली असती, यात शंका नव्हती. ओर्विल उतरला, दांडीशी वाकला आणि साखळी ओढायची लोखंडी नळी हातात घेतली. आणखी एक कडी ओढली की ट्रकवरचं ओझं ट्रेलरच्या चाकांवर सरकणार आणि आकडा पट्टीच्या आत बसणार. पण तेवढं ताणलं की ट्रकची मागची चाकं उचलल्यासारखी होतात. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की ट्रेलर मागून रेटतो आणि ट्रक आडवा होतो. असा एक ट्रक त्याने पाहिला होता, आत कोण कोण होतं तेही पाहिलं होतं. खिडकीतून धाकटी नात जूनी त्याला जीभ काढून वेडावत होती. त्याला त्यांच्याबरोबर जायचं होतं, फार जायचं होतं.

त्याने नळी खाली ठेवली.

"माझं वजन एकशे चौऱ्याहत्तर. यंत्र पंधरा. मी उतरलो की मिटलं."

"मिटलं काय, डॅड?" रेनी ओरडली. "तुझ्यासाठी घेतलाय हा डबा!"

"म्हणूनच जड आहे."

"मी बसने आणते तुला."

"बस खाणीपासून नव्वद मैलांवर थांबते. आणि तीन महिन्यांनी? पुढच्या गावाला? दर वेळी हीच रड?"

"मग ट्रेलरमध्ये बसा," डॅरल बोलून गेला आणि लगेच ओशाळला. धावत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवत नाहीत, हे त्यालाही कळत होतं.

"लॉर्नाकडे राहतो," ओर्विल म्हणाला. लॉर्ना त्याची बहीण. ती गावातच होती, पण दोघांचं तीस वर्षांत कधी पटलं नव्हतं. "मोठा ट्रक घेतलात की या न्यायला."

मोठा ट्रक कधी येणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा वजन केलं तेव्हा ओर्विल यंत्र घेऊन बाजूला उभा राहिला. मर्यादेपेक्षा एकोणीस पौंड कमी भरले. मग त्याने ट्रकची चाकांवरची उंची मोजपट्टीने मोजली. ट्रक अगदी सरळ उभा होता.

मागच्या सीटखाली त्याची कापडी बॅग होती. त्याने तिच्यातली गोळ्यांची बाटली काढून खिशात टाकली आणि बॅग ओढली. रेनीने पट्टा धरला.

"राहू दे इथे."

"कपडे आहेत माझे, पोरी."

"बॅगेसकट वजन बरोबर आलंय ना?" ती रडत होती, पण आवाज बापासारखाच करडा होता. "सांग. आलंय की नाही?"

वजनाच्या बाबतीत खोटं बोलणं ओर्विलला कधी जमलं नव्हतं.

"आलंय," तो म्हणाला आणि त्याने पट्टा सोडला.

ट्रक निघाला तेव्हा मागच्या सीटवर दोन्ही मुलींच्या मधे त्याची बॅग ठेवलेली होती.