घंगाळाचं चित्र

आमच्या रत्नागिरीच्या घरी पाहुणा आला की वडील त्याला आधी भिंतीवरचं चित्र दाखवत आणि मग पाणी विचारत. चित्र होतं न्हाणीघरातल्या जुन्या तांब्याच्या घंगाळाचं. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी जलरंगात काढलेलं.

मास्तरांचा हात खरोखर चांगला होता. काठाला आलेला पोचा, कडीखाली साचलेलं हिरवं, आमसुलांनी घासून घासून उजळलेलं पोट, सगळं त्या माणसाने नीट पाहिलं होतं. वैताग यायचा तो वडिलांच्या मित्रमंडळींचा. "वा! बोट लावलं तर चटका बसेल!" म्हणायचं आणि पोह्यांच्या बशीकडे वळायचं. याच घंगाळातलं ऊन पाणी घेऊन त्यांनी कितीदा पाय धुतले असतील, तेव्हा कुणाला पोचा दिसला नाही. कागदावर आल्यावर मात्र सगळ्यांचे डोळे उघडले.

पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नावही मास्तरांनी सोडलं नव्हतं. घंगाळ वडिलांच्या पहिल्या बायकोच्या आंदणातलं आणि नाव तिचं. ती गेली, आई आली, तेव्हा वडिलांनी आईचंही तेच नाव ठेवलं. का, तर भांड्यांवर नाव आयतं आहे, पुन्हा तांबटाकडे खेपा कोण घालणार? ही अक्कल ते चारचौघांत हसून सांगत आणि चारचौघेही हसत.

लग्नानंतर मी पहिल्यांदाच माहेरी आले होते. माझंही नाव नुकतंच बदललं होतं. त्या दिवशी एक वकील चष्मा सरसावून चित्राजवळ गेले आणि चहा घेऊन आलेल्या आईला म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव काय सुरेख उठलंय हो! अगदी हुबेहूब!"

"हुबेहूब आहे खरं," आई म्हणाली. "पण ते माझं नव्हे."

"काहीतरीच बोलते," वडील म्हणाले, आणि गप्पा यंदाच्या कलमांच्या मोहोरावर गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिचं खरं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. स्वयंपाकघरात गाठून तिला ते विचारलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं.

"पण त्या नावाने हाक नको हां मारू गो," ती म्हणाली. "मला कळायचंच नाही."