वेबसाइटवाला मेहुणा

माझ्या बायकोच्या मावसभावाइतका हुशार आणि इतका गैरसोयीचा माणूस अख्ख्या मिशिगन राज्यात दुसरा नसावा. तो वेबसाइट बनवतो. म्हणजे तिचं रूपही तोच ठरवतो आणि आतली यंत्रणाही तोच लिहितो, आणि या दोन कामांत त्याचं स्वतःशीच पटत नसल्यामुळे वेबसाइट सहसा पुरी होत नाही. नागपूरहून तो इथे ट्रॉय गावी आला तो मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून, मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करायला. दोन वर्षं त्याने ते काम इमानेइतबारे केलं. मग कुणीतरी त्याला खात्याचं वेबपान जरा नीट करायला सांगितलं, आणि बिजागरी सुटली ती सुटलीच. "भाऊजी, दाराशी कुणी थांबत नाही यार," तो मला म्हणाला, "पानावर लोक थांबतात." त्याच्या पानावर लोक थांबत, हे अगदी खरं होतं. पुढे जायचं बटण त्यांना सापडत नसे.

त्याच्याबरोबर बाहेर जेवायला जाणं ही एक परीक्षाच. मेनूकार्ड हातात आलं की तो पदार्थ वाचत नाही, अक्षरं वाचतो. एकदा एका डोशाच्या हॉटेलात त्याने मेनू उजेडाकडे धरला, मान हलवली, खिशातून पट्टी काढली आणि ओळींमधलं अंतर मोजायला लागला. मालकाला वाटलं, सरकारी तपासनीस आला. तो धावत आला, टेबल स्वतः पुसलं आणि न मागता गुलाबजाम आणून ठेवले. मेहुण्याने ते खाल्ले आणि जाताना मालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चव ठीक आहे, पण 'उत्तप्पा' फार दाटीवाटीने बसलाय." बिचारा मालक दुसऱ्या दिवसापासून उत्तप्पा पसरट घालू लागला, असं म्हणतात.

छंद त्याला अनेक. लाकडाचे ठसे, जुना फिल्मचा कॅमेरा, मातीकाम. पण प्रत्येक छंदाची तो आधी वेबसाइट करतो आणि ती बरी जमली की छंद संपतो. मातीकामाची वेबसाइट उभी राहिली तेव्हा मडकं एकच तयार होतं, तेही गळकं. त्याचा फोटो मात्र इतका देखणा की चार ठिकाणांहून मागणी आली. मेहुण्याने सगळ्यांना नम्रपणे कळवलं, "मडकं बघण्यासाठी आहे."

आमच्या मंडळाने गणेशोत्सवाची वेबसाइट त्याच्याकडे दिली, ही मंडळाची चूक. सात महिन्यांनी त्याने कमिटीसमोर पडदा उघडला. पांढरंशुभ्र पान आणि कोपऱ्यात एक शेंदरी ठिपका. मंडळाच्या चिटणीस काकूंनी चष्मा पुसला.

"गणपती कुठाय रे?"

"काकू, तो ठिपका म्हणजेच गणपती."

"आणि आरतीची वेळ?"

"ठिपक्यावर क्लिक करा."

काकूंनी क्लिक केलं. ठिपका फुलासारखा हळूहळू उमलायला लागला. "अरे, हा उमलेपर्यंत विसर्जन होईल!" काकू म्हणाल्या. शेवटी आरतीची वेळ व्हॉट्सॲपवर कळवण्यात आली.

गेल्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली. आता हे काम मशीनच करतं, असं त्याला फार सभ्य भाषेत सांगण्यात आलं. त्यानंतर तो महिनाभर आमच्याकडे जेवायला येऊन कशालाही नावं न ठेवता जेवला. माझी बायको घाबरली. तिने त्याला काहीतरी काम द्यायचं म्हणून माझ्याबरोबर डॉक्टर काकांकडे पाठवलं. आमच्याच रस्त्यावर राहणारे हे निवृत्त डॉक्टर. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या डॉक्टर काकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि त्यानंतर काकांच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. निमित्त होतं टीव्ही बिघडल्याचं. टीव्ही पाच मिनिटांत दुरुस्त झाला. मग काकांनी आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. लग्न ठरल्यावर काका अमेरिकेत आणि काकू अमरावतीत होत्या, तेव्हाची काकूंची पत्रं त्यात होती. शाई पुसट, कागद पिवळा.

"भिंग लावूनही दिसत नाहीत," काका म्हणाले. "मुलीला मराठी वाचता येत नाही."

"मी वाचून दाखवू का?" मी विचारलं.

काकांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मला स्वतःला वाचायची आहेत."

मेहुण्याने डबा उचलला.

बाराव्या दिवशी त्याने मला फोन केला, "भाऊजी, चला." बाहेर बर्फ पडत होतं. काकांच्या टीव्हीवर त्याने एक पान उघडलं. काळी पार्श्वभूमी, त्यावर हळदीसारखी पिवळी, वीतभर उंचीची अक्षरं, एका वेळी फक्त तीन शब्द. रिमोटवरची दोनच बटणं चालणारी, एक पुढे जायचं आणि एक मागे, बाकीच्यांवर चिकटपट्टी. करपलेली भाजी वाढावी तसा तो मान खाली घालून उभा होता.

"काका, फार घाणेरडं दिसतंय," तो म्हणाला.

काका पडद्याकडे बघत होते. "दिसतंय," ते म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. एकदा हसले, एकदा मागे जाऊन तेच तीन शब्द परत आणले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ही सगळी तू वाचलीस?"

"टाइप करावी लागली ना, काका. पण मी अर्थाकडे लक्ष नाही दिलं."

"खोटारडा," काका मायेने म्हणाले. "आता तुम्ही दोघं घरी जा."

आम्ही दाराशी बसून बूट चढवत होतो. आतून काकांचा आवाज आला. ते मोठ्याने वाचत होते, पहिलीतल्या मुलासारखे, शब्दाशब्दाला थांबत. "तिकडे थंडी... फार असते... म्हणे. मी येईपर्यंत... तब्येतीला जपा." मेहुण्याचा एक बूट हातातच राहिला. ते पत्र संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग त्याने दार इतकं हळू ओढून घेतलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही.