गावभराचा निवद

आमच्या गावात मला समोरासमोर कोणी डॉक्टर म्हणत नाही. समोर 'काय व बाई, कवा आली?' आणि पाठ फिरली की 'ढोराची डॉक्टरीन'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. आता येत नाही, कारण तेवढं म्हणण्यापुरतीही ढोरं गावात राहिली नाहीत.

बारावीला माणसाच्या डॉक्टरीला मार्क कमी पडले. मामाने समजूत काढली, "माणसाची नाही तं ढोराची व्हय. सुई सारखीच रायते." आई दोन दिवस धड जेवली नाही. पोट्टी शिकून शेण तुडवणार, हे तिला पटेना. खूश झाले ते एकटे बाबा. कोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माणूस तं बोंबलून सांगते माह्यं दुखते म्हून. यायले कोन इचारते? जाय तू नागपूरले."

गेले. पहिल्या वर्षी घोड्याची हाडं, फॉर्मॅलिनचा वास आणि इंग्रजीचं भय, एवढंच आठवतं. दवाखान्यात एक गाय यायची आणि तिच्याभोवती सगळा वर्ग वाकायचा. मागे उभं राहणाऱ्यांना गायीपेक्षा पुढच्याचं डोकंच जास्त दिसायचं. त्यामुळे माझं खरं शिकणं सुट्टीत घरी झालं, आमच्या तांबड्यावर. आमची जोडी एक तांबडा, एक पांढरा. पांढरा तिरसट, अंगाला हात लावू देत नसे. तांबडा मात्र भोळा आणि खादाड. कोणाचाही हात पुढे आला की हा जीभ काढणार. त्याच्या डाव्या कुशीवर मी स्टेथोस्कोप ठेवायची. बैलाचं पोट चाललेलं असलं की आत लांबवर जातं फिरल्यासारखी घरघर येते, थांबते, परत येते. ती घरघर म्हणजे सगळं ठीक.

बाबा शेजारी उभे. "काय म्हन्ते?"

"पोट भरलं म्हणतो."

"लबाड हाय. कडबा संपवून तुह्या ओढणीकडं पाहून राह्यला." मग नळ्या स्वतःच्या कानात घालून डोळे मिटून ऐकत बसायचे आणि हसायचे. निघताना मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, या जोडीला काही होऊ देणार नाही मी." असं कोणी म्हणू नये. पण विशीत माणूस काहीही म्हणतं.

शिक्षण संपलं तेव्हा कॉलेजात एक मोठे पाहुणे आले आणि सांगून गेले की या क्षेत्रात करिअरच करिअर आहे. आहे ना! माझ्या बरोबरीचा एक जण बँकेत शेतीकर्जाच्या फायली बघतो. एकाने नागपुरात कुत्र्यांचा दवाखाना टाकला, त्याचं बरं चाललंय. एक मैत्रीण औषधाच्या कंपनीसाठी डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन उभी असते. बाकीचे पुण्यात एका खोलीत दाटीवाटीने राहून सरकारी परीक्षेचा अभ्यास करतात. जाहिरात निघाली की आनंद, अडकली की परत अभ्यास. मला गावाकडेच यायचं होतं. मिळाली ती कंत्राटी जागा, फिरत्या दवाखान्याची. एक गाडी, एक ड्रायव्हरभाऊ, मागे औषधाची पेटी. फोनवर तक्रार नोंदवली की आम्ही त्या गावाला जायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तरी मी खूश होते. घरून जाऊन येऊन होतं, आणि कधीमधी तांबड्याची घरघर ऐकायला मिळायची.

पण मी शिकून येईपर्यंत गाव बदलून गेलं होतं. लहानपणी पोळ्याला मारुतीच्या पारापासून हापशीपर्यंत बैलांची रांग लागायची. घरोघर ट्रॅक्टर आले, गडी मिळेनात, चारा परवडेना, एकेकाने जोड्या विकून काढल्या. बाबा हट्टी. कपाशी गुडघ्याच्या वर गेली की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, तण काढायच्या डवरणीला बैलच पाहिजे, म्हणत राहिले. होता होता त्या वर्षी अख्ख्या गावात आमची एकच जोडी उरली.

आणि बैल गेले तरी पोळा गेला नव्हता. पुरण तर प्रत्येक घरी शिजतं. बैल दारात आल्याशिवाय, त्याचे पाय धुवून, कुंकू लावून, त्याला निवद दिल्याशिवाय घरातलं माणूस जेवत नाही. मग बैल कोणाचे? आमचे. पूर्वी ज्याच्या त्याच्या दारात ज्याची त्याची जोडी खायची, आणि शेजारपाजारच्या दोन-चार घरी. आता गावभराचं पुरण दोन तोंडांत.

मला ते दिसत होतं. पुरण म्हणजे डाळ, गूळ, वर गव्हाची पोळी. माणसाला गोड, बैलाच्या पोटात आम्ल. चारा पचवणारं पोट आहे ते. एकदम एवढं पडलं की आत सगळं आंबतं, रवंथ बंद होतो, अंगातलं पाणी पोटात उतरतं आणि हत्तीएवढं जनावर बसून जातं. दर पोळ्यानंतर आमच्याकडे अशा केसेस येतात. म्हणून आठवडाभर आधी मी घरोघर फिरले. हात जोडले. नुसतं तोंडाला लावा, बाकी ताट बाजूला ठेवा, वाटलं तर वाळलेला कडबा द्या.

शेजारच्या काकूंनी मला लहानपणी कडेवर घेऊन भरवलेलं. त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत. "अव बाई, देवाच्या तोंडाले ताट लावून वापस नेते का कोनी? तू भल्ली शिकली, मान्य हाय. पन पोळा नोको शिकवू आमाले."

"काकू, मरन तो."

"सनासुदीले असं बोलू नोको, बह्याड पोट्टी!"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. बाहेरगावी माझं ऐकायचे. तिथे मी मॅडम होते. इथे मी नाक पुसत फिरलेली पोट्टी.

राहिले बाबा. त्यांच्याकडून वचन घेतलं. "तुम्ही सोबत राहाल ना जोडीच्या? मग हात आडवा करायचा. सरळ नाही म्हणायचं."

"म्हनतो ना व माय. नोको चिंता करू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी झाली. बाबांनी जोडीच्या खांद्याला तूप-हळद चोळली. सालभर जू वाहिलेला तो खांदा, तिथलं कातडं हाताला टाचेसारखं लागतं. मग बैलांच्या कानाशी वाकून रिवाजाप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तांबड्याने त्यांचा हात चाटला. सांगते, त्या क्षणी मला बाबांचा रागच आला. इतक्या मायेने बोलावणारा माणूस उद्या हात काय आडवा करणार, डोंबल!

मी रजा मागितली होती. साहेब म्हणाले, पोळ्यालाच तर आपलं खरं काम असतं. खोटं नव्हतं ते. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. गाव बदलायचं, कोठा बदलायचा, केस तीच. फुगलेलं पोट, खोल गेलेले डोळे, आणि बाजूला हात चोळत उभा असलेला घरधनी, "मॅडम, जास्त नाही हो चारलं." सलाइनच्या बाटल्या लावत गेले. बैल उठत गेले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. रात्री घरी फोन केला.

"तांबडा रवंथ करून राह्यला का?"

"निजला हाय मस्त, पोटभर झालं त्याचं," बाबा म्हणाले. आवाजात सणाचा आनंद. "गाव लोटलं होतं व बाई आपल्या जोडीपुढं. डोळे भरून आले माहे."

तुम्ही हात आडवा केला का, हे मी विचारलं नाही. उत्तर त्यांच्या आवाजातच होतं. "पाणी पाजू नका, उभं करा, फिरवा त्याला," एवढं सांगितलं, तोवर पुढच्या गावचा माणूस गाडीच्या काचेवर टकटक करत होता.

सकाळी मी घरी पोचले तेव्हा तांबडा मान कुशीकडे वळवून बसला होता. शिंगांचा रंग ताजा, बेगड चमकतंय, कपाळावर गावभरच्या बायांचं कुंकू थरावर थर. कान गार. दात खात होता. पांढरा बाजूला ठणठणीत. त्याने तिरसटपणाने कोणाला जवळच येऊ दिलं नव्हतं. जो सगळ्यांच्या हातचं खात गेला, तो बसला.

पेटी उघडली. सलाइन संपलेलं. सगळ्या बाटल्या मी आदल्या दिवशी लोकांच्या बैलांना लावल्या होत्या. ड्रायव्हरभाऊला सलाइन आणायला दिग्रसला पिटाळलं. तोवर नळी पोटात घालून धुवायला घेतलं. नळीतून आंबूस वासाचं पाणी आलं आणि त्यात डाळ. अख्खी डाळ, पोळीचे तुकडे. कोणाच्या घरचं कुठलं, काय सांगणार? आई पाण्याचे हंडे आणून देत होती. बाबा त्याची मान मांडीवर घेऊन बसले होते.

"कोनाले नाही म्हनू व माय?" ते आपणहून बोलले. "मानसं दारात ताट घेऊन उभे. म्हातारे मानसं. म्हने आता तुह्याच बैलाचा आधार आमच्या पोळ्याले. सालातून एक दिवस येते त्याचा. कोनाले नाही म्हनू?"

मी ओरडले. "मग आता बसा घेऊन!" असं बोलायला नको होतं, पण बोलले. आई म्हणाली, चूप.

पोट फाडून सगळं बाहेर काढता येतं, शिकले आहे मी ते. पण त्याला तेवढी ताकद लागते आणि ती कधीच सरली होती. मी कुशीवर स्टेथोस्कोप ठेवला. ठेवूनच बसले.

"काय म्हन्ते?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही म्हणत, बाबा."

दिग्रसच्या दुकानांतून सलाइन मिळवून ड्रायव्हरभाऊ उशिरा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडेच मागणी, त्याचा तरी काय दोष. मी सुई घातली, बाटली लावली. अर्धी बाटली आत गेली असेल, तांबड्याने पाय ताणले आणि संपला.

गाव आलं. काकू सगळ्यांत जास्त रडल्या. "मायेनं चारलं व बाई, मायेनं," त्याच्या कपाळावर हात फिरवत म्हणत राहिल्या. खरंच मायेनं चारलं होतं. कोणी मला दोष दिला नाही, कोणी बाबांना नाही. देवाले आवडला, म्हणाले. मीच घरोघर हात जोडत फिरले होते, हे कोणाला आठवतही नव्हतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एकट्या बैलाचं काही होत नाही. पांढरा आत्याकडे फुलसावंगीला गेला, तिकडे त्यांचा एक बिनजोडीचा होता. बाबांनी जू माळ्यावर टाकलं. कोठ्यात आता खताची पोती आहेत.

त्यानंतर दिग्रसच्या एका शाळेने मला बारावीच्या मुलांपुढे बोलायला बोलावलं. विषय, पशुवैद्यकातल्या संधी. मीही त्या पाहुण्यासारखी सगळं सांगत गेले. सरकारी नोकरी, बँक, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, संशोधन, परदेश. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, एवढं सगळं हाय तं तुम्ही गावात काहून आल्या?" पोरं हसली. मीही हसले आणि पाणी प्यायले. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मेलं होतं.

मी आता कोंबडीखाद्याच्या कंपनीत आहे, नागपूरजवळ. शेडमध्ये अगणित कोंबड्या. तिथे एकेकीकडे बघायचं नसतं. एक आजारी पडली की उचलून टाकायची आणि बाकीच्यांना पाण्यातून औषध. स्टेथोस्कोप बॅगेतच असतो. कधी काढावा लागला नाही.

यंदा पोळ्याला सुट्टी मिळाली. मागितली तशी लगेच मिळाली. गावी गेले तर पारापुढे तोरण बांधलेलं, आणि तोरणाखाली ट्रॅक्टर. धुतलेले, हार घातलेले, बॉनेटवर झुली टाकलेल्या. पोरं झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणत होती. बाबा घरातून बाहेर आले नाहीत. मी मात्र गेले, का गेले ते माहीत नाही.

काकू ताट घेऊन आल्या. चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं. पुरणपोळी उचलली आणि त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी वळून गर्दीत मला शोधलं.

"डॉक्टरीन बाई," त्या म्हणाल्या. तोंडावर पहिल्यांदाच. "ठेवू ना व? चालते ना?"

"ठेवा काकू," मी म्हटलं. "पाहिजे तेवढं ठेवा."